डावीकडचा मॉनिटर

मृणालने टेबलाखाली वाकून वायर पुन्हा घट्ट बसवली आणि लॅपटॉपच्या डावीकडचा मॉनिटरही उजळला. उजवीकडचा आधीच सुरू होता. तिचे सासरे दिगंबरराव त्यावरचा धरणाचा नकाशा पाहत होते. असे नकाशे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला आणि त्यांच्यापुरती डावी बाजूच नाहीशी झाली. डोळे शाबूत होते, पण डावीकडे काही असतं हे मेंदूच्या गावीही नव्हतं.

तिने नकाशा तिन्ही पडद्यांवर पसरवला आणि माऊस त्यांच्या हाती दिला. "बाबा, हा कालवा कुठवर जातो, दाखवा ना."

बाण निळ्या रेघेवरून सरकत लॅपटॉपवर आला, आणखी डावीकडे गेला आणि त्यांना दिसेनासा झाला.

"अगं, गेला कुठे?" त्यांनी माऊस उलटा करून पाहिला. "आणि कालवा असा मध्येच कसा संपेल?"

"मग पुढे कुठे जात असेल?" त्यांची मान धरून वळवायचा मोह मृणालने आवरला.

ते रेघेच्या टोकाकडे बघत राहिले. मग मान हळूहळू वळली. थोडी, अजून थोडी. "सापडला! हा इथे आहे, आणि कालवाही!"

पण नजर तिथे थांबली नाही. मॉनिटरच्या पलीकडे खुर्चीत त्यांची बायको बसली होती.

"कुमुद, तू कधी आलीस?"

"आत्ताच," सकाळपासून तिथेच बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.