तिसरं कडवं

आणखी एका बाईने तिसरं कडवं अचूक म्हटलं आणि नर्सने कपाळाला हात लावला.

युक्ती रेडिओच्या निवेदकाची. सीमेवरच्या पळापळीत नर्स आईपासून सुटली, तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. नाव, गाव काही आठवत नव्हतं. आठवत होती फक्त अंगाई. निवेदकाने तिच्याच आवाजात पहिली दोन कडवी रेडिओवर लावली आणि तिसरं मुद्दाम राखून ठेवलं.

"सिस्टर, जिला तिसरं येईल ती तुमची आई. हाय काय नि नाय काय!"

आता लेकी हरवलेल्या आया सीमेला लागलेल्या तिन्ही देशांतून आल्या होत्या. त्यांच्यासाठी सीमेचं फाटक एका दिवसापुरतं उघडलं होतं. आणि ही अंगाई तिन्ही देशांत घरोघरी गातात, हे त्या शहाण्याला आज कळत होतं. कुणी 'नदी' म्हणे, कुणी 'ओढा', चाल तीच. एकीला झाकावी नि दुसरीला काढावी.

गाणं संपलं की प्रत्येकजण नर्सकडे बघत राही. नर्सला सगळ्यांच्याच कुशीत शिरावंसं वाटे, आणि एकीकडेही जाववत नसे.

शेवटची म्हातारी दुसऱ्या कडव्यानंतर थांबली.

"आजी, पुढचं?" निवेदकाने विचारलं.

"नाही येत, बाळा. कधी लागलंच नाही."

"मग कसं जमायचं?"

म्हातारीने वाद घातला नाही. उठताना तिने नर्सच्या गालावरून हात फिरवला. "झोपत जा गं वेळेवर. डोळे बघ किती ओढलेत."

चला, एकीचा तरी निकाल लागला, असं वाटून नर्सला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी सगळ्याजणी परत गेल्या आणि फाटक बंद झालं. पुन्हा कधी उघडेल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

नर्स थेट अनाथाश्रमात गेली, तिला वाढवणाऱ्या मावशींकडे. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"तिसऱ्या कडव्यावरून पारख केलीत?"

"हो. जिला आलं नाही, तिला लगेच परत पाठवलं. का हो, मावशी?"

मावशींनी हातातली चादर खाली ठेवली.

"अगं, तू आलीस तेव्हा दुसरं कडवं संपायच्या आत झोपलेली असायचीस. तिसरं तुला मी शिकवलं, शाळेच्या कार्यक्रमासाठी."