सहा पावलं मागे

शेवटच्या डावात लांजा आणि मिरकरवाडा या दोन्ही संघांचे चार-चार रन झाले, तेव्हा दीप्ती पहिल्या बेसपासून मोजून सहा पावलं मागे सरली.

"ओ बाई, एवढ्या लांबून काय दिसणार तुम्हाला?" दोरीपलीकडून येसूबाई ओरडल्या. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारून कमावलेला आवाज. सगळं मैदान हसलं. पहिल्या बेसवर ग्लव्ह घालून उभी असलेली शमिका त्यांचीच मुलगी. तिने लाजून मान खाली घातली.

दीप्ती मंडणगडच्या एका शाळेत खेळ शिकवायची. मुलींच्या बेसबॉल स्पर्धेत अंपायर म्हणून ही तिची पहिलीच फायनल. तिसऱ्या डावात ती बेसला अगदी चिकटून उभी राहिली आणि चुकली. पाण्याच्या सुट्टीत मुख्य अंपायर विनोद सर तिला हळूच म्हणाले होते, "मॅडम, इतक्या जवळून एकतर पाय दिसतो, नाहीतर बॉल. मागे सरा. डोळे बेसवर ठेवा, बॉल कानाने ऐका."

लांज्याच्या दोघी बाद झाल्या होत्या. मनस्वीने बॅट फिरवली. बॉल तांबड्या मातीत घासत गेला. तिसऱ्या बेसवरची तिची जोडीदार रन पुरा करायला होमकडे सुटली आणि मनस्वी पहिल्या बेसकडे. ती वेळेत पोचली तर लांजा जिंकणार. बॉल आधी आला तर मनस्वी तिसरी बाद, आणि जोडीदाराचा तो रन धरायचाच नाही.

मिरकरवाड्याच्या मुलीने बॉल उचलून शमिकाकडे फेकला. दीप्तीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती बेसच्या पांढऱ्या चौकोनावर नजर लावून राहिली. त्यावर बूट आपटला. मग ग्लव्हमध्ये फट् वाजलं.

"सेफ!" दोन्ही हात पसरून ती ओरडली.

मग जो गलका उठला! येसूबाई पदर खोचून दोरी ओलांडून आत आल्या, त्यांच्यामागे अर्धा मिरकरवाडा. खरंच बूट आधी होता? दीप्तीने विनोद सरांकडे पाहिलं. ते तोंडावरची जाळी काखेत धरून होमजवळच उभे होते. निर्णय तिचा होता.

"आधी बूट आला, मग बॉल," दीप्ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"शमे, सांग ह्यांना! बॉल आधी होता ना?"

शमिकाने ग्लव्हमधल्या बॉलकडे पाहिलं, मग आपल्या संघाकडे.

"नाय गो आई. माझा पाय बेसवरच होता ना, मला बेस हललेला कळला. बॉल मागनं आला."

येसूबाईंनी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गर्दीकडे वळून त्यांनी हात उंचावला.

"सेफ हाय! माझी पोर सांगते!"

हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या. लांज्याच्या मुलींनी मनस्वीला उचललं आणि शमिकालाही घोळक्यात ओढून घेतलं. ती हरली होती, पण नाचत होती.

दीप्तीलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. अंपायरने तसं करायचं नसतं. ती गुडघ्यावर बसली, खिशातला ब्रश काढला आणि बेसवरची तांबडी धूळ झटकत राहिली. मॅच तर कधीच संपली होती.