सुनेची ओळ

बुरशी आली म्हणून इशिताने सासूच्या लोणच्याची अख्खी बरणी कचऱ्यात ओतली आणि स्नेहलबाईंचं डोकं फिरलं. सून कामावर जाताच त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर कुटुंबाचा फॉर्म उघडला. त्यात घरातल्या प्रत्येकाची ओळ होती आणि दार, नळ, शेगडी त्या ओळी बघूनच माणसाला ओळखत. कुटुंबप्रमुख म्हणून फॉर्म स्नेहलबाईंच्या हातात होता. सुनेच्या नावापुढच्या ‘काढा’वर त्यांनी बोट ठेवलं.

“तिच्याखालच्या नोंदीही जातील,” फॉर्मने बजावलं.

“जाऊ देत! तिचं जिम आणि तिची भिशी!” म्हणत त्यांनी ‘जतन करा’ दाबलं.

संध्याकाळी दार म्हणालं, “बाहेर एक अनोळखी बाई आहे. सोबत अनोळखी मूल आहे.”

“अनोळखी कसलं? विहान आहे तो, माझा नातू! आमच्या घराण्याचा!”

“मुलाची नोंद आईच्या ओळीखाली होती. नोंदीशिवाय मी उघडत नाही. ती परत घालायला आईची संमती लागेल.”

स्नेहलबाई दाराला चिकटून ओरडल्या, “इशिता, दे बाई संमती! भांडण तुझं-माझं आहे, त्यात पोराला कशाला ओढतेस?”

“आजी, उघड ना!” बाहेरून विहानने हाक मारली.

“चल रे,” इशिता त्याला म्हणाली, “अनोळखी बायकांच्या दारात थांबायचं नसतं.”