नाईसचं मूळ

लेकीचं, सेजलचं, लग्न ठरलं आणि होणाऱ्या जावयाचा फोटो ग्रुपवर आला, तसं महाडच्या मोरूने त्याखाली मोठ्या झोकात 'नाईस' लिहून टाकलं. त्याचं सगळं इंग्रजी तेवढंच.

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणजे विद्येचा बारमाही धबधबा. ते म्हणाले, "मोरू, सहाशे वर्षांपूर्वी साहेबाच्या देशात नाईस म्हणजे मूर्ख! मूळ लॅटिन, ज्याला काही कळत नाही तो. पुढे अर्थ झाला लाजरा, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि आत्ता कुठे छान..."

पण गुरुजी छानपर्यंत पोचले, तोवर मोरू उलट्या चपला घालून पोलादपूरच्या एसटीत चढलासुद्धा होता.

व्याह्यांच्या ओटीवर त्याने सरळ त्यांचे पायच धरले. "चुकी झाली, व्याहीबुवा! तुमच्या किशोरला मी चारचौघांत मूर्ख लिवलाय. पन रविवारचा साखरपुडा मोडू नका हो, पोरीची हौस हाय."

व्याह्यांनी त्याला उठवून आत नेलं, दार लावलं, कपाळावरचा घाम पुसला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,



"कुणी सांगितलान तुमाला?"