डाव्या हाताची जागा

नव्या बंगल्याच्या मागच्या दारातून नीलम्मा बाहेर आली ती ओंजळीत बेलाची पानं घेऊन, आणि पायरीवरच थबकली. समोर हिरवंगार गवत होतं. सगळं शिवार करपून कोळसा झालेलं, आणि इथं गवत, तेही ओलं.

"सिद्धा," तिनं लेकाला हाक मारली, "बेल कुठं वाहू?"

सिद्धेश्वर पाहुण्यांच्या गराड्यात होता. वास्तुशांतीचं जेवण, चांगली चांगली माणसं आली होती. आईची हाक ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला.

लातूरचा जिल्हा झाला आणि तलावाकाठच्या या रानाचं नशीब फळफळलं. वकील, डॉक्टर, कापडवाले, आडतवाले, ज्याच्या खिशात चार पैसे खुळखुळत होते त्या प्रत्येकाला पाण्याकडे तोंड केलेला बंगला हवा झाला. होड्यांसाठी दगडी धक्का बांधला, फाटकावर पहारेकरी बसवला. आणि मग पाण्यानंच पाठ फिरवली. यंदाही पाऊस दगा देऊन गेला. हौसेनं आणलेली होडी धक्क्याखाली भेगाळलेल्या चिखलात एका कुशीवर पडली होती, आणि लांब तळात झिरे खोदून गावातल्या बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. कॉलनीचा रुबाब मात्र तसूभर कमी झाला नव्हता. टँकर रोज येत होता.

हे रान नीलम्माच्याच घरचं. लेकानं ते विकलं तेव्हा ती देगलूरला मुलीकडे होती. विकण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं होतं, तुझ्या बापाच्या समाधीचं काय? तो कोपरा आपल्याच बंगल्यात ठेवलाय, असा लेकाचा निरोप आला, आणि त्या भरवशावर ती आजवर तिकडेच निर्धास्त होती.

सिद्धेश्वर जवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "अव्वा, आत चल. पाव्हणे हायत."

"समाधीचा कट्टा कुठाय?"

"काढला." तो गवताकडे बघत राहिला. "घराशेजारी समाधी बघून कोन प्लॉट घेनार, अव्वा? आलेलं गिऱ्हाईक फाटकातूनच वापस जायलतं. पन आप्पाला हात लावला न्हाई, तुझी शप्पत. हायत तिथंच हायत. वर गवत तेवढं लावलंय."

"अन् माझी जागा?"

तिचे यजमान मडिवाळप्पा गेले तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून, बसतं करून मातीत ठेवलं होतं आणि डाव्या हाताची जागा नीलम्मासाठी मोकळी सोडली होती. ती जागा आहे म्हणून तर तिनं एकटीनं दिवस रेटले. मरणाचं भय तिला कधीच वाटलं नाही. परक्या मातीत, अनोळखी माणसांच्या रांगेत जायचं भय मात्र वाटत होतं.

"गावाबाहेर समाजाला नवी जागा मिळालीय," सिद्धेश्वर म्हणाला. "कंपाउंड हाय, झाडं लावलीत. तिथं तुझं..."

"तिथं तुझा बाप हाय का?"

लेक वाईट नव्हता, हेच तर तिचं दुखणं होतं. वाईट असता तर तिनं चारचौघांत त्याची बिनपाण्यानं केली असती आणि मोकळी झाली असती. पण तो तिच्यासमोर लहानपणी उभा राहायचा तसाच, मान खाली घालून उभा होता. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

तिनं अंगणावर नजर फिरवली. जुन्यातलं फक्त कडुनिंबाचं झाड राहिलं होतं. त्याच्याच सावलीत समाधी होती, दर सोमवारी ती तिथं येऊन बसायची, तिला जागा काय कुणी दाखवायला हवी होती? त्या सावलीत आता एक खुर्ची मांडली होती. खुर्चीत किशनराव बसले होते, शेजारच्या प्लॉटचे नवे मालक. हातात ताट, बूट गवतात रोवलेले, जेवण अगदी चवीनं चाललेलं. मातीत बसवलेल्या माणसाचं डोकं वरच्या अंगाला, त्या बुटांच्या खालीच असतं, हे नीलम्माच्या मनात आलं.

तिनं चपला पायरीवर काढल्या. पाहुण्यांमधून वाट काढत ती गवतावर गेली. तळव्यांना गारवा लागला. वाकून तिनं बेलाची पानं खुर्चीच्या पायाशी ठेवली. किशनरावांनी अवघडून बूट मागं ओढले. मग ती खुर्चीच्या डाव्या हाताला गेली, लुगडं सावरलं आणि तिथं खाली बसली. मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

पाहुणे वळून बघू लागले. सिद्धेश्वर धावत आला आणि तिच्या कानाशी वाकला. "अव्वा, ऊठ. लोक बघायलेत."

ती हलली नाही.

किशनराव भला माणूस. म्हातारं माणूस जमिनीवर आणि आपण खुर्चीत, हे त्यांना बरं दिसेना. ताट बाजूला ठेवून ते उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आजी, खाली कशाला बसलाव? इथं बसा वर."

नीलम्मानं डोळे उघडले. बघितलं मात्र लेकाकडे.

"खुर्ची नको, बाबा," ती म्हणाली. "आमच्यात मांडी घालूनच बसवतेत."