कडा शेवटी

“हे कुणाला सांगितलंय का?” वकीलबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही.”

“कारखान्यातल्या कुणाला? शेजाऱ्यांना?”

“शेजाऱ्यांना विमानाच्या खुर्चीचं काय करायचंय?” मौनीबाबा म्हणाले.

हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं. विमानातल्या खुर्च्यांची कवचं साच्यात घडवण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात ते तीस वाक्यंही बोलले नसतील असं लोक म्हणत. कुणी शेजारी उभं राहून बघायला लागलं की त्यांची वाचा बसायची आणि हातही थांबायचे. एकटे असले की मात्र साच्याशी तासन्‌तास पुटपुटत राहायचे.

“पुन्हा सांगते,” बाई म्हणाल्या. “पेटंट मिळायला पद्धत नवी लागते. जाणकाराला सहज सुचेल अशी नको. आणि अर्जाच्या आधी ती जगात कुठेही उघड झाली असेल, अगदी तुमच्याच तोंडून, तर सगळं मुसळ केरात.”

“माझ्या तोंडून काही निघत असतं तर हे नाव पडलं असतं का?”

बाई हसल्या आणि मसुदा वाचू लागल्या.

खुर्चीचं कवच म्हणजे पाठ आणि बैठक यांचा एकसंध तुकडा. रेझिनमध्ये, म्हणजे भाजल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजलेलं कार्बनचं कापड साच्यात थरावर थर बसवायचं, वर प्लास्टिकची पिशवी लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत भाजायचं. पाठ जिथे बैठकीला मिळते त्या वळणावर कापडाला हमखास सुरकुती पडते, आणि सुरकुतीचं कवच सरळ भंगारात जातं. म्हणून सगळे जण कापड कडांनी ताणून धरतात. मौनीबाबांनी उलटं केलं. आधी फक्त वळण ऊबदार करायचं, कापड तिथे दाबायचं, कडा मोकळ्या सोडायच्या आणि हवा आतून बाहेर ओढत न्यायची. सुरकुती नावाला उरली नाही. हे त्यांना सुचलं ते निवृत्त झाल्यावर, घराच्या मागच्या खोलीत, भंगारातून आणलेल्या साच्यावर.

“हे काय?” बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘झोपलेल्या लेकराला पांघरूण घालतो तसं. आधी पाठीशी खोचायचं, कडा शेवटी.’

“समजायला सोपं जावं म्हणून.”

“छान आहे, पण अर्जात नको.” बाईंनी ओळीवर लाल रेघ मारली, आणि अर्ज गेला.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात एक ताट, एक पेला आणि खिडकीजवळची एक खुर्ची एवढंच वापरात होतं. दर रविवारी सकाळी ते परगावी असलेल्या मुलीला फोन करत. तिकडून कीबोर्डची टकटक यायची. सुट्टीच्या दिवशीही हिच्या ऑफिसला चैन नाही, असं त्यांच्या मनात यायचं.

“हं,” ती म्हणायची. “मग?”

“मग काय. तुझ्या आईने मला त्या पावणेबारा किलोच्या साच्यासकट घराबाहेर काढलं.”

टकटक. “हं. पुढे?”

ते पुढे सांगायचे, घरातलं, साच्यावरचं, सुचेल ते. ती ऐकत नाही हे ठाऊक होतं म्हणूनच त्यांना इतकं बोलता यायचं, साच्याशी बोलावं तसं. फोन ठेवल्यावर मात्र फार वाईट वाटायचं. पोटच्या पोरीने एकदा तरी काम बाजूला ठेवावं, एवढंच त्यांना हवं होतं. पेटंटचं त्यांनी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आपलं नाव छापलेला कागद तिला पाठवायचा, आणि त्या रविवारी टकटक थांबते का ते ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

चौदा महिन्यांनी वकीलबाईंनी बोलावून घेतलं. त्या आज हसल्या नाहीत.

“पेटंट ऑफिसच्या परीक्षकांचं पत्र आलंय. पद्धत चांगली आहे म्हणतात, पण नवी नाही. तुमच्या अर्जाच्या दोन वर्षं आधीच कुणीतरी ती जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. इंटरनेटवर, कुणालाही वाचता येईल अशी.”

मौनीबाबांचे कान तापले. “आमचा जुना साहेब. एकदा घरी आला होता, मागच्या खोलीत डोकावून गेला. मी तोंड उघडलं नाही, पण साचा समोर होता. त्यानेच गळा कापला माझा.”

“तुम्ही तर कुणालाच सांगितलं नाही म्हणाला होतात.”

“सांगितलं कुणालाच नव्हतं.”

“आता उपाय नाही, काका. एवढं जुनं लिखाण समोर असताना पेटंट मिळणार नाही.” बाईंनी पत्रासोबत आलेलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. “बघा, तुमच्या साहेबाचंच आहे का.”

त्यांनी चष्मा लावला. वळण, ऊब, मोकळ्या कडा, सगळं होतं. साहेबाला चार शिव्या हासडायच्या तयारीने ते ओळीमागून ओळ वाचत गेले आणि मध्येच थांबले.

‘झोपलेल्या लेकराला पांघरूण घालतो तसं. आधी पाठीशी खोचायचं, कडा शेवटी.’

ही ओळ अर्जात नव्हती. साहेबाला तर ती ठाऊकच नव्हती.

त्यांनी पानाच्या माथ्याकडे पाहिलं. ‘रविवार, भाग एकशे एक्केचाळीस. सांगणारे: बाबा.’

“ओळखीचं कुणी आहे का?” बाईंनी विचारलं.

मौनीबाबांची नजर खाली सरकली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

‘वाचणाऱ्यांना एक विनंती. बाबांना ओळखत असाल तर त्यांना यातलं काही कळू देऊ नका. कुणी ऐकतंय असं वाटलं, की ते बोलायचे थांबतात.’