बद्द

बाहेरच्या कॅमेऱ्यात मोहरीएवढा ठिपका दिसत होता, बाकी काही नाही. बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगानं आलेला धुळीचा कण अवकाशस्थानकाच्या दोन खोल्या जोडणाऱ्या बोगद्यावर आदळला होता. कालिंदी आतून भिंत बोटांनी वाजवत सरकत होती, मडकं घेताना वाजवतात तशी. खणखणीत, खणखणीत, मग बद्द. भिंतीतले कार्बनच्या धाग्यांचे थर आतल्या आत सुटले होते; ती कधीही फाटू शकली असती.

“काय म्हणतंय?” पलीकडच्या खोलीतून भोईरदादांनी विचारलं. स्थानकावर ती दोघंच होती.

“पुन्हा वाजवते.”

“वाजव. बद्द निघालं तर बोगद्याची दोन्ही दारं बंद. दिवाळीत यान येईपर्यंत तू तिथे, मी इथे. तुझं गाणं ऐकावं लागणार नाही, तेवढंच सुख.”

तिनं पुन्हा वाजवलं. खणखणीत आहे असं सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलं. पण या बोगद्यातून दिवसभर ये-जा दादांचीच असायची.

“बद्द आहे, दादा.”

पलीकडे डबा उघडून मिटल्याचा आवाज आला.

“चहाची पूड तुझ्याकडेच राहिली की गं. थांब, घेऊन जातो.”

“नका येऊ,” ती म्हणाली, आणि मागे सरून तिनं आपल्या बाजूचं दार लावलं.